कुळाची चौकशी, शीलाचा विसर

हलक्याफुलक्या प्रेमकथांकडे गंभीर प्रकृतीची माणसे सहसा फिरकत नाहीत. प्रवासात वेळ जावा म्हणून घ्यावे आणि मुक्कामी पोहोचल्यावर गाडीतच विसरले तरी हळहळ वाटू नये, एवढीच या पुस्तकांची प्रतिष्ठा. मराठीतही हे नवे नाही. ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्या घरोघरी वाचल्या गेल्या, परंतु त्यांच्यावरचा गुलाबीपणाचा शिक्का पुसला गेला नाही. कला कलेसाठी की जीवनासाठी, हा फडके-खांडेकर वाद एका पिढीने हिरिरीने लढवला. पण पुस्तक हलके असले म्हणून त्याविषयी वाचक जे बोलतात तेही हलकेच असते, असे मानणे चुकीचे ठरेल. जड ग्रंथाविषयी बोलताना माणूस सावध असतो. हलक्या पुस्तकाविषयी तो बेसावधपणे बोलतो आणि त्याच्या मनातली खरी मूल्ये नकळत बाहेर पडतात.

याचे अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे केविन क्वान यांची ‘क्रेझी रिच एशियन्स’ ही इंग्रजी कादंबरी. सिंगापूरमध्ये जन्मलेल्या आणि बालपणीच अमेरिकेत गेलेल्या या लेखकाचे हे पुस्तक २०१३ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. २०१५ आणि २०१७ साली त्याचे पुढचे दोन भाग आले. २०१८ साली जॉन एम. चू यांनी पहिल्या भागावर चित्रपट काढला. ‘द जॉय लक क्लब’ या १९९३ सालच्या चित्रपटानंतर पंचवीस वर्षांनी हॉलिवूडच्या एका मोठ्या कंपनीने आशियाई वंशाच्या कलावंतांना घेऊन आजच्या काळातली कथा पडद्यावर आणली, याचे त्या वेळी मोठे कौतुक झाले. पुस्तकावर आणि चित्रपटावर वाचक-प्रेक्षकांनी जी मते मांडली, ती मात्र कौतुकापुरती थांबली नाहीत. विवाह हा दोन व्यक्तींचा खासगी प्रश्न की दोन कुटुंबांचा संबंध, या जुन्या प्रश्नावर जणू नव्याने खडाजंगी सुरू झाली.

कथा काय आहे?

कथेचा सांगाडा साधा आहे. रेचल चू ही न्यूयॉर्कच्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारी चिनी वंशाची अमेरिकन तरुणी. तिची आई चीनमधून आली आणि कष्ट करून तिने एकटीने मुलीला वाढवले. रेचलचा मित्र निक यंग त्याच विद्यापीठात इतिहास शिकवतो. जिवलग मित्राच्या लग्नासाठी सिंगापूरला जाताना तो रेचलला बरोबर नेतो. आपले घराणे त्या देशातल्या सर्वांत धनाढ्य घराण्यांपैकी एक आहे, हे त्याने तिला कधी सांगितलेले नसते. ही कुणकुण लागताच निकची आई एलिनॉर कामाला लागते. नातेवाईक आणि मैत्रिणी रेचलला पाहून एकच प्रश्न विचारतात, ही तैवानच्या प्लास्टिक उद्योगातल्या चू घराण्यातली का? नाही म्हटल्यावर तिचे काय करायचे, ते कोणालाच कळत नाही. हेवा वाटणाऱ्या मुली तिच्या खोलीत मेलेला मासा ठेवण्यापर्यंत मजल मारतात. एलिनॉर खासगी हेरामार्फत चीनमधून तिचा पूर्वेतिहास खणून काढते. जो पिता मरण पावला असे रेचल जन्मभर समजत आली, तो जिवंत असून तुरुंगात आहे, असे तिच्या तोंडावर फेकले जाते. घराण्याची सर्वाधिकारी असलेली आजी, शांग सू यी, विवाहाला नकार देते.

हे सारे विनोदी शैलीत येते. प्रारंभी एक भलीमोठी वंशावळ दिलेली आहे आणि पानोपानी मिश्कील तळटीपा आहेत. लाऊ पा सात येथल्या खाद्यबाजाराचे वर्णन वाचून तोंडाला पाणी सुटावे. असे हे करमणुकीचे पुस्तक वाचकांना मात्र अस्वस्थ करून गेले.

वाचकांचे तीन पक्ष

ढोबळमानाने वाचकांचे तीन पक्ष पडले. पहिल्या पक्षाला हे पुस्तक म्हणजे निव्वळ चंगळवादाचे प्रदर्शन वाटले. कपड्यांच्या छापांची नावे, दागिने, खासगी विमाने आणि राजवाडे यांची जंत्री वाचून हे वाचक कंटाळले. सिंगापूरच्या काही वाचकांनी या आक्षेपाला अधिक नेमके रूप दिले. ज्या देशात चारांपैकी तीनहून अधिक रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या सदनिकांमध्ये राहतात, त्या देशाचे हे चित्र नव्हे, असे त्यांचे म्हणणे. शिवाय या सिंगापुरात मलय आणि भारतीय माणसे आहेत कुठे? कादंबरीत राजवाड्याच्या फाटकावर गुरखे उभे आहेत, चित्रपटातही आपल्याकडच्या चेहऱ्यांच्या वाट्याला मुख्यतः पहाऱ्याचेच काम आले.

हा आक्षेप भारतीय वाचकालाही पटावा असाच आहे. सिंगापूरच्या लोकसंख्येत भारतीय वंशाचे लोक सुमारे नऊ टक्के आहेत आणि तमिळ ही तेथील चार अधिकृत भाषांपैकी एक आहे. तेथील सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल एकोणिसाव्या शतकात भारतातून नेलेल्या कैद्यांच्या श्रमांतून उभे राहिले. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली ती याच शहरातल्या कॅथे चित्रपटगृहात. ज्या मातीत आपल्या माणसांचा एवढा घाम गळला, तिथल्या कथेत ती केवळ फाटकापाशी दिसावीत, हे खटकणारच. तरीही न्यायाने सांगायचे तर क्वान यांनी देशाची नव्हे, एका मूठभर वर्गाची कथा सांगितली आहे आणि ती त्या वर्गाची टिंगल करत सांगितली आहे. श्रीमंतीचे वर्णन आले म्हणून तिचा गौरव झाला, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

दुसरा पक्ष प्रामुख्याने पाश्चात्त्य विचारसरणीत वाढलेल्या वाचकांचा. त्यांच्या मते निकने रेचलला निवडले, विषय संपला. आईला आणि आजीला यात बोलण्याचा अधिकारच काय? एलिनॉर ही त्यांना सरळसरळ खलनायिका वाटते आणि आशियाई कुटुंब म्हणजे व्यक्तीचा गळा घोटणारी व्यवस्था, या त्यांच्या जुन्या समजाला पुष्टी मिळते.

तिसरा पक्ष आशियाई वाचकांचा. त्यांना एलिनॉर परकी वाटली नाही. अशी मावशी, अशी काकू त्यांनी घरात पाहिलेली आहे. मुलासाठी जन्म वेचलेल्या आईला मुलाच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या निर्णयाविषयी चिंता वाटणे स्वाभाविक आहे, असे ते म्हणतात. चित्रपटात मिशेल येओ यांनी रंगवलेली एलिनॉर या वाचकांना अधिक भावली, कारण तिथे तिची बाजूही दिसते. केंब्रिजमधले कायद्याचे शिक्षण सोडून ती संसारात आली आणि तरीही सासूने तिला मनापासून स्वीकारले नाही. ज्या उंबरठ्यावर ती स्वतः ताटकळली, त्याच उंबरठ्यावर आता ती दुसरीला अडवते आहे. सासू-सुनेच्या नात्यातले हे चक्र मराठी घरांना समजावून सांगण्याची गरज नाही.

चौकशी कशाची करायची?

या वादात आपल्यासारख्या कुटुंबनिष्ठ समाजाने कोणती बाजू घ्यावी? सहज उत्तर असे की, तिसऱ्या पक्षाची. विवाहाने दोन कुटुंबे जोडली जातात, म्हणून कुटुंबाने विचारपूस करणे हा अन्याय नव्हे. स्थळाची चौकशी करण्याची आपली रीत अनुभवातून आली आहे. केवळ दोघांच्या भरवशावर सोडलेला संसार अडचणीत आला, तर त्याच्या मागे उभे राहायला माणसे लागतात आणि ती माणसे प्रारंभापासून सहभागी असावी लागतात. दुसऱ्या पक्षाला हे कळलेले नाही.

परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे स्वतःची पाठ थोपटून घेणे होईल. ‘कुलशील’ हा आपला शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. चौकशी करायची ती कुळाची आणि शीलाची. एलिनॉरने कुळाची चौकशी करण्यासाठी परदेशात हेर लावले, पैसा ओतला. शील मात्र रोज तिच्या समोर वावरत होते आणि त्याकडे पाहायला तिला सवड नव्हती. अपमान झाला तरी रेचल आकांडतांडव करत नाही. निकच्या संपत्तीचा तिला मोह पडत नाही, उलट ती बिचकते. आपल्या कष्टाळू आईविषयी तिला नितांत आदर आहे. सून म्हणून याहून अधिक काय हवे? एलिनॉरने सगळ्यांना विचारले, फक्त रेचलला विचारले नाही. अशा चौकशीला सावधगिरी म्हणता येत नाही, तो दुसऱ्याच्या जखमा उकरण्याचा प्रकार झाला.

एलिनॉरच्या आक्षेपाचे खरे स्वरूप दुसऱ्या भागात उघड होते. रेचलचा खरा पिता चीनमधला एक बडा राजकारणी आणि अतिशय संपन्न गृहस्थ आहे, असे कळताच हीच एलिनॉर आमंत्रण नसताना लग्नाच्या ठिकाणी जाऊन पोहोचते. मुलगी तीच होती आणि तिचा स्वभावही तोच होता. बदलला तो केवळ तिच्या पित्याचा ताळेबंद. म्हणजे आजवर ज्याला परंपरेचे रक्षण म्हटले जात होते, ते संपत्तीचे रक्षण होते. कुटुंबाच्या नावाखाली तिजोरी सांभाळली जात होती.

रेचलच्या आईचा प्रसंग तर अधिकच विचार करायला लावणारा आहे. सासरच्या छळातून जीव आणि लेकरू वाचवून ती माउली पळाली होती. तिला ज्याने आधार दिला तो तरुणच मुलीचा खरा पिता. हे रहस्य कळल्यावर परंपरानिष्ठ वाचक चुळबुळतो, ते स्वाभाविक आहे. ‘खाण तशी माती’ ही म्हण त्याच्या ओठांवर येते. पण आपल्या परंपरेने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम गुरूकडे जातो, तेव्हा त्याला आपले गोत्र ठाऊक नसते. आईने जे सांगितले ते तो जसेच्या तसे सांगतो. गौतम ऋषी त्याला परत पाठवत नाहीत. एवढे सत्य बोलणारा शिष्य स्वीकारण्यास योग्यच आहे, असा निर्णय ते देतात आणि तो आईच्या नावाने सत्यकाम जाबाल म्हणून ओळखला जातो. ज्या संस्कृतीने कुळापेक्षा शील श्रेष्ठ ठरवल्याची अशी साक्ष जपून ठेवली, तिच्या वारसांनी मुलीच्या माथी पूर्वपिढीचा इतिहास मारावा का? महाभारतातल्या कर्णाची शोकांतिका तरी दुसरे काय सांगते? भर सभेत त्याला पराक्रम नव्हे, कुळ विचारले गेले आणि त्या अपमानाची किंमत साऱ्यांनाच मोजावी लागली.

मौन पाळणारा मुलगा

वाचकांच्या मतांमधले सर्वांत मार्मिक मत मात्र निराळेच आहे. या सगळ्या गोंधळाचा खरा कर्ता निक आहे, असे अनेकांनी म्हटले. तो देखणा आहे, सुस्वभावी आहे, प्रेमळ आहे. पण त्याने रेचलला घराविषयी सांगितले नाही आणि घराला रेचलविषयी सांगितले नाही. दोन्हीकडे गोड राहण्याच्या नादात त्याने एका बेसावध मुलीला सिंहाच्या गुहेत नेऊन सोडले. नायकाच्या चांगुलपणावर भाळून न जाता वाचकांनी हे हेरले, यात त्यांची सुजाणता दिसते.

मराठी मध्यमवर्गाच्या दृष्टीने या कादंबरीतला सर्वांत जवळचा भाग हाच आहे. गेल्या दोन-तीन दशकांत पुण्या-मुंबईतून, नाशिक-नागपुरातून शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी मुले-मुली परदेशी गेली. त्यांतल्या कित्येकांचे आयुष्य दोन कप्प्यांत विभागले गेले आहे. आठवड्यातून एकदा आईवडिलांशी बोलायचे ते जेवण, प्रकृती आणि थंडी याविषयी. ज्या व्यक्तीबरोबर आयुष्य काढायचे ठरले आहे, तिचे नाव मात्र ओठांवर येत नाही. मग एके दिवशी तिकिटे काढून दोघे दारात उभे राहतात आणि आईवडिलांनी एका क्षणात सर्व स्वीकारावे अशी अपेक्षा धरली जाते. मौनाला सौजन्य समजण्याची ही चूक निकचीही आहे आणि आपल्या घरांतल्या मुलांचीही.

मुले असे मौन का पाळतात, हा प्रश्न मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा. मन मोकळे केले तर ऐकून घेतले जाईल, असा विश्वास त्या घराने दिलेला असतो का? ज्या घरात इतरांच्या सुनांची जात, रंग, पगार यांवर जेवणाच्या ताटावर टीकाटिप्पणी चालते, त्या घरातला मुलगा लहानपणापासून एकच धडा शिकत असतो, तो गप्प राहण्याचा.

बाहेरून आलेल्याचे मन

कादंबरीतली वाचकांची सर्वाधिक लाडकी व्यक्तिरेखा नायिका नाही. ती आहे निकची बहीण लागणारी अ‍ॅस्ट्रिड. अमाप संपत्तीची वारस असून तिने मायकेल या सामान्य घरातल्या तरुणाशी लग्न केले आहे. तिच्या माहेरच्यांनी त्याला उघडपणे झिडकारले नाही. त्यांनी त्याला फक्त कधी मोजलेच नाही. संगणकाची काही अडचण आली की त्याला हाक मारायची, एवढीच त्याची दखल. शेवटी या घुसमटीतून सुटण्यासाठी तो आपले बाहेर प्रेमप्रकरण असल्याचा देखावा उभा करतो. चित्रपटात हे प्रकरण खरेच दाखवले आहे, पण पुस्तकातला देखावा अधिक करुण आहे. बायकोच्या घरात आपण कोणीच नाही हे सांगण्यापेक्षा आपण वाईट आहोत हे सांगणे त्याला सोपे वाटले. आपल्याकडे ‘घरजावई’ या शब्दात जो बोचरा उपहास दडला आहे, त्याचेच हे रूप.

रेचलला कुटुंबाने अपमान करून दुखावले आणि मायकेलला दुर्लक्ष करून. दोन्ही कथा एकच गोष्ट सांगतात. बाहेरून आलेल्या माणसाला घर कसे वागवते, यावर त्या घराची उंची ठरते. आपल्या विवाहविधीत नववधू माप ओलांडून आत येते तेव्हा ती लक्ष्मीच्या पावलांनी आली असे आपण म्हणतो. ती लक्ष्मी आहे म्हणून तिचे स्वागत करायचे, की ती लक्ष्मी घेऊन येईल म्हणून? हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला, तरी हा प्रश्न शिळा झालेला नाही. वधूवर सूचक मंडळांच्या नोंदवह्यांत वेतन, सदनिका, परदेशातले वास्तव्य यांचे रकाने काटेकोरपणे भरले जातात. शीलाचा रकाना तिथे नसतो. तो भेटीगाठींतून, सहवासातून आणि मनाच्या मोकळेपणातून भरावा लागतो आणि त्यासाठी वेळ द्यावा लागतो.

चित्रपटाच्या शेवटी निक विमानात रेचलपुढे अंगठी धरतो, ती त्याच्या आईच्या बोटातली पाचूची अंगठी असते. शब्दही न उच्चारता आईची संमती मिळाल्याचे तिला कळते. कादंबरीत मात्र अशी अंगठी नाही, पहिला भाग आईच्या संमतीवाचूनच संपतो. चित्रपटकर्त्यांना हा बदल का करावासा वाटला असेल? प्रेमिक एकत्र आले एवढ्याने प्रेक्षकाचे समाधान होणार नाही, हे त्यांनी ओळखले असावे. ज्या प्रेक्षकांना आईने लुडबूड करू नये असे वाटत होते, त्यांनाही ती अंगठी पाहून गहिवरून आले. व्यक्तिस्वातंत्र्याचा कितीही घोष केला, तरी वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादाची ओढ माणसाच्या मनातून जात नाही, हेच त्यातून दिसते.

ही ओढ हेच कुटुंबसंस्थेचे खरे बळ आहे. ते बळ धाकदपटशाने टिकत नाही आणि वंशावळीच्या तक्त्यानेही टिकत नाही. मुलांनी वेळेवर खरे सांगावे आणि वडीलधाऱ्यांनी ते शांतपणे ऐकून घ्यावे. चौकशी जरूर व्हावी, पण ती समोर बसून, आदराने आणि माणूस ओळखण्यासाठी व्हावी. कुटुंबसंस्थेच्या रक्षणाविषयी व्याख्याने पुष्कळ होतात. तिची परीक्षा मात्र दारात उभ्या असलेल्या परक्या घरच्या मुलीला किंवा मुलाला ‘आत ये’ म्हणताना होत असते.